नॅनो : औषधातले, बाटलीतले आणि हवेतले

"डॉक्टरसाहेब, हे नॅनोचं अंगाला बाधतं का हो?" हा प्रश्न गेल्या तीन-चार वर्षांत मला अनेकांनी विचारला. गंमत अशी की विचारणाऱ्या प्रत्येकाच्या मनातले 'नॅनो' निराळे होते. एका शेतकऱ्याच्या पिशवीत कृषी सेवा केंद्रातून आणलेली नॅनो युरियाची बाटली होती. एका ताईंनी कोणाकडून तरी ऐकले होते की, लशीतून नॅनो कण अंगात जातात आणि पुढे मुलेबाळे होत नाहीत. एका सेवानिवृत्त गुरुजींना गुडघेदुखीसाठी कोणीतरी 'नॅनो पट्टा' विकला होता, तोही चांगल्या दोन हजारांना. आणि नॅनो म्हटले की टाटांची ती छोटी मोटार आठवणारेही अजून आहेतच!

एकच शब्द इतक्या ठिकाणी वापरला जातो, तेव्हा त्यात थोडे खरे, थोडे अर्धवट आणि थोडे निव्वळ दुकानदारीचे असणार हे उघड आहे. वाचकांना हे तीन भाग वेगळे करता यावेत, म्हणून आजचा लेख.

'नॅनो' या ग्रीक शब्दाचा अर्थ बुटका. एका मीटरचे शंभर कोटी, म्हणजे एक अब्ज भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. म्हणून मराठीत या विद्येला अब्जांश तंत्रज्ञान असेही म्हणतात. डोक्याचा एक केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो. रक्तातील तांबडी पेशी ७ ते ८ हजार नॅनोमीटर रुंद असते. क्षयाचा जंतू लांबीला दोन ते चार हजार, आणि ज्याने आपल्याला दोन वर्षे घरात कोंडले तो करोनाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा. शास्त्रज्ञ साधारणपणे १ ते १०० नॅनोमीटर आकाराच्या कणांना नॅनोकण म्हणतात. म्हणजे विषाणूच्या आकाराचे किंवा त्याहूनही लहान.

नुसते लहान असण्यात एवढे काय, असे कोणी विचारील. गुळाचा खडा पाण्यात टाकला तर विरघळायला वेळ लागतो, तोच कुटून टाकला तर लगेच विरघळतो. कुटल्यामुळे गूळ वाढला नाही, पाण्याला लागणारा त्याचा पृष्ठभाग वाढला. आता एक सेंटिमीटर लांबी-रुंदी-उंचीचा एक ठोकळा घ्या. त्याची सगळी अंगे मिळून क्षेत्र भरते ६ चौरस सेंटिमीटर. त्याच ठोकळ्याचे एक-एक नॅनोमीटरचे ठोकळे पाडले तर सर्वांचे मिळून क्षेत्र होते ६ हजार चौरस मीटर. आपल्या भाषेत ५९ गुंठे, म्हणजे जवळजवळ दीड एकर! चिमूटभर वस्तूला दीड एकराचे अंग मिळाले की तिचे वागणे बदलणारच. ती लवकर विरघळते, लवकर चिकटते, इतर पदार्थांशी तिची क्रिया जोरात होते. काही वेळा रंगसुद्धा बदलतो. सोने पिवळे, हे लहान मूलही सांगेल. पण सोन्याचे नॅनोकण पाण्यात तरंगत ठेवले तर ते पाणी माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरडे या इंग्रज शास्त्रज्ञाने १८५७ साली यावर व्याख्यान दिले होते.

आणि हे लाल सोने बदनापूर तालुक्यातल्या घराघरात येऊन गेले आहे. आशाताई गरोदरपणाच्या तपासणीची जी पट्टी देतात, तिच्यावर लघवीचे थेंब टाकले की गुलाबी रेघ उमटते. अशा बहुतेक पट्ट्यांतली ती रेघ सोन्याच्या नॅनोकणांची असते. गर्भ राहिल्यावर लघवीत येणारे संप्रेरक त्या कणांवरील प्रतिद्रव्याला चिकटते, कण एका रेषेवर अडकतात आणि रेघ दिसते. सोने इतके अत्यल्प असते की पट्ट्या जमवून कोणाचे मंगळसूत्र होणार नाही! हिवतापाच्या झटपट तपासणीतही बहुधा हीच युक्ती असते. तेव्हा नॅनो ही उद्या येणारी गोष्ट नाही. ती आपल्याकडे येऊन बरीच वर्षे झाली.

बुरशीचे इंजेक्शन

औषधातल्या नॅनोची खरी किंमत मराठवाड्याने मोजली ती २०२१ च्या उन्हाळ्यात. करोनाची दुसरी लाट ओसरत नाही तोच काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे रुग्ण येऊ लागले. मधुमेह अनियंत्रित, त्यात स्टेरॉइडचा मारा, अशा शरीरात ही बुरशी नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्यात आणि मेंदूपर्यंत जाते. गाल सुजणे, दात हलणे, नाकातून काळपट स्राव, एका डोळ्याची नजर जाणे, अशी लक्षणे घेऊन रुग्ण येत आणि आम्ही खेड्यातले डॉक्टर त्यांना तातडीने औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) धाडत असू. २० मे २०२१ रोजी केंद्र सरकारने हा आजार नोंदणीयोग्य करण्यास राज्यांना सांगितले. महाराष्ट्रात आणि गुजरातेत रुग्णांची संख्या देशात सर्वांत जास्त होती.

उपचार दोन. सडलेला भाग शस्त्रक्रियेने काढणे आणि अ‍ॅम्फोटेरिसिन-बी हे बुरशीनाशक इंजेक्शन. हे औषध जुने, १९५० च्या दशकातले. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला ते भोके पाडते. पण आपल्या मूत्रपिंडाच्या पेशींनाही ते सोडत नाही. साध्या स्वरूपात दिले की रुग्णाला थंडी भरते, ताप चढतो, मूत्रपिंड दुखावते, रक्तातले पोटॅशियम घसरते. म्हणजे बुरशीने मरायचे की औषधाने, असा पेच.

हा पेच सुटला तो चरबीच्या फुग्याने. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम या शास्त्रज्ञाला दिसले की, पेशीच्या आवरणात असते त्या जातीची स्निग्ध द्रव्ये पाण्यात घातली की ती आपोआप पोकळ गोळे तयार करतात, साबणाच्या फुग्यांसारखे. त्यांना लायपोसोम हे नाव पडले. पुढे हे गोळे १०० नॅनोमीटरपेक्षाही लहान करता येऊ लागले आणि त्यांच्या भिंतीत औषध बसवता येऊ लागले. अ‍ॅम्फोटेरिसिन असे गोळ्यात बसवले की रक्तात सुटे औषध फार थोडे फिरते. गोळे बुरशीच्या जागी जातात, तिथे औषध बुरशीच्या आवरणाकडे ओढले जाते, आणि मूत्रपिंडापर्यंत पोहोचणारा भाग पुष्कळ कमी होतो. म्हणून मोठी मात्रा देता येते. औषध तेच आहे, फक्त त्याला वाहन मिळाले.

हे काम सगळे परदेशातच झाले असे मात्र समजू नये. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर यांनी, दिल्ली विद्यापीठातील डॉ. बच्छावत यांच्या गटाबरोबर, नव्वदच्या दशकातच लायपोसोममधील अ‍ॅम्फोटेरिसिन भारतात तयार करून रुग्णांवर त्याचा अभ्यास केला. त्या देशी औषधाची एक खासियत होती. इंजेक्शन देण्याआधी कुपी ध्वनिलहरींच्या छोट्या यंत्रात ठेवून हलवावी लागे, म्हणजे गोळे हव्या त्या आकाराचे होत. परदेशी औषध परवडत नव्हते म्हणून त्यांनी हा उद्योग केला. पंचवीस-तीस वर्षांनी आलेल्या साथीत त्याचे मोल कळले.

पण मोल कळणे आणि मोल परवडणे यांत अंतर असते. हिशेब करून पाहा. वजनाच्या दर किलोला रोज ५ मिलिग्रॅम ही नेहमीची मात्रा. ६० किलोच्या माणसाला ३०० मिलिग्रॅम, म्हणजे ५० मिलिग्रॅमच्या ६ कुप्या रोज. त्या वेळी बाजारभाव कुपीला ७ हजारांपर्यंत सांगितला जात होता. दिवसाला ४२ हजार, आणि उपचार चालणार काही आठवडे. शिवाय कुपी मिळाली तर! मे २०२१ च्या अखेरीस वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेस या कंपनीने अ‍ॅम्फोटेरिसिनच्या स्निग्ध इमल्शनचे उत्पादन सुरू केले आणि दर १,२०० रुपये जाहीर झाला. १२ जून रोजी जीएसटी परिषदेने या औषधावरील कर काही महिन्यांसाठी शून्य केला. ज्यांची माणसे त्याआधीच्या तीन आठवड्यांत गेली किंवा डोळा गमावून परतली, त्यांच्यासाठी हे उशिराच झाले. नॅनो औषधांविषयी लोकांच्या मनात जी काळजी असायला हवी, तिच्यात माझ्या मते पहिली ही आहे. कण अंगात जाण्याची भीती नंतर. औषध असूनही आपल्याला मिळणार नाही, ही भीती आधी.

हे औषध आजही रुग्णालयातच, रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासत द्यायचे असते. चरबीच्या गोळ्यात बसले म्हणून ते निरुपद्रवी झाले असे नव्हे.

कर्करोगाच्या औषधांतही हीच कल्पना वापरली जाते. डॉक्सोरुबिसिन हे औषध हृदयाला त्रास देते. ते लायपोसोममध्ये घालून १९९५ साली अमेरिकेत 'डॉक्सिल' या नावाने मंजूर झाले. पुढे २०१२ साली तिकडे त्याचा तुटवडा पडला तेव्हा मुंबईच्या सन फार्माचे तसेच औषध अमेरिकेने तात्पुरते आयात केले. ही बातमी वाचून मला बरे वाटले होते, हे कबूल करायला हरकत नाही.

लोहाची सलाईन आणि लस

ज्या गरोदर भगिनींचे हिमोग्लोबिन बरेच खाली गेलेले असते आणि गोळ्या सोसत नाहीत, त्यांना सरकारी रुग्णालयात शिरेतून लोह देतात. 'आयर्न सुक्रोज' हे नाव केसपेपरवर अनेकींनी पाहिले असेल. सुटे लोह थेट रक्तात सोडले तर ते विषारी ठरते. म्हणून लोहाचा अतिसूक्ष्म गाभा साखरेच्या वेष्टनात गुंडाळलेला असतो. तो हळूहळू उलगडतो आणि शरीर लागेल तसे लोह घेते. हेही नॅनो औषधच आहे. नाव ऐकून घाबरलेल्या एका सासूबाईंना मी एवढेच सांगितले की, मावशी, भीती सुनेच्या रक्तात लोह नाही याची धरा. मात्र ही सलाईन घरी किंवा घाईने लावून घ्यायची नाही. क्वचित कोणाला तिची रिअ‍ॅक्शन येते, आणि ती आली तर सांभाळायला माणूस व औषध शेजारी हवे.

आता लशीबद्दल. फायझर आणि मॉडर्ना या परदेशी लशींत विषाणूच्या एका प्रथिनाची कृती लिहिलेला रेणू, म्हणजे एम-आरएनए, चरबीच्या नॅनोकणात गुंडाळलेला असतो. हा रेणू फार नाजूक. उघडा टोचला तर पेशीत पोहोचण्याआधीच त्याचे तुकडे होतात. या रेणूच्या संशोधनासाठी कॅटलिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३ चे नोबेल मिळाले. आपल्या पुण्याच्या जेनोव्हा कंपनीनेही अशी देशी लस तयार केली. जून २०२२ मध्ये तिला आणीबाणीच्या वापराची मंजुरी मिळाली. ती साध्या फ्रिजच्या, २ ते ८ अंशांच्या थंडीत टिकते, ही आपल्यासारख्या भागासाठी मोठी गोष्ट. परंतु आपल्या गावातल्या बहुतेकांनी घेतल्या त्या कोविशिल्ड आणि कोव्हॅक्सिन. त्यांत चरबीचे नॅनोकण नाहीतच. तेव्हा त्या ताईंची भीती मुळातच चुकीच्या पत्त्यावर आलेली होती. एम-आरएनए लशींमुळे मूल होत नाही याला पुरावा नाही. तो रेणू पेशीच्या गाभ्यातील गुणसूत्रांत शिरत नाही आणि थोड्या दिवसांत विरतो. या लशींनंतर तरुण मुलांमध्ये, बहुधा दुसऱ्या डोसनंतर, हृदयाच्या स्नायूला सूज आल्याचे क्वचित आढळले आहे. ती गोष्ट खरी आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. खरे सांगितले नाही की मग लोक खोट्यावर विश्वास ठेवतात.

काळजीचे कारण कुठे आहे?

जो गुण औषधाला उपयोगी पडतो तोच गुण नको त्या पदार्थाला नको त्या जागी नेऊ शकतो. नाकातले केस आणि घशातला चिकट स्राव मोठी धूळ अडवतात. १०० नॅनोमीटरखालचा कण मात्र थेट फुप्फुसाच्या शेवटच्या फुग्यापर्यंत जातो, आणि त्यातला काही भाग रक्तात उतरू शकतो. म्हणून शास्त्रज्ञांना सर्वांत जास्त काळजी वाटते ती श्वासातून जाणाऱ्या कणांची. त्वचेवर लावलेल्या वा गिळलेल्या कणांचा नंबर त्यानंतर लागतो.

कार्बनच्या नॅनोनळ्या नावाचा एक पदार्थ आहे. पोलादाहून बळकट आणि वजनाला हलका, त्यामुळे उद्योगांना फार हवासा. २००८ साली एडिंबरोच्या शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवले की, या नळ्या लांब आणि ताठ असतील तर पोटाच्या अस्तरावर त्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या तंतूंसारखाच दाह निर्माण करतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ साली यातल्या एका विशिष्ट प्रकाराला 'कर्करोगकारक असण्याची शक्यता' या गटात टाकले. अ‍ॅस्बेस्टॉसच्या बाबतीत जगाला शहाणपण सुचेपर्यंत कामगारांच्या दोन पिढ्या गेल्या होत्या. इथे निदान वापर फोफावण्याआधी इशारा मिळाला. मिठाई-च्युइंगमला पांढरेपणा आणणाऱ्या टायटॅनियम डायऑक्साइडचेही असेच झाले. त्यात काही कण नॅनो आकाराचे असतात. ते पेशींतील गुणसूत्रांना इजा करणार नाहीत अशी खात्री देता येत नाही, असे युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०२१ मध्ये सांगितले आणि २०२२ पासून युरोपीय संघाने अन्नात त्याला बंदी घातली. इजा सिद्ध झाली असे नव्हे. खात्री नाही, आणि पांढऱ्या रंगावाचून कोणाचे अडत नाही, एवढ्यावर बंदी आली. मला ही रीत योग्य वाटते.

चांदीचे मात्र दोन चेहरे आहेत. चांदीचे नॅनोकण जंतू मारतात. अमरावती विद्यापीठात डॉ. महेंद्र राय यांनी बुरशीच्या मदतीने असे कण तयार करण्यावर बरेच काम केले. पुण्याच्या टाटांच्या प्रयोगशाळांत भाताच्या तुसाची राख आणि चांदीचे नॅनोकण यांचा जलशुद्धीकरणाचा फिल्टर तयार झाला. 'स्वच्छ' या नावाने तो डिसेंबर २००९ मध्ये बाजारात आला. विजेशिवाय आणि हजार रुपयांच्या आत, ही त्याची जमेची बाजू. अशा फिल्टरने जंतू मरतात, बोअरच्या पाण्यातले क्षार किंवा फ्लोराइड जात नाहीत, हे मात्र लक्षात ठेवावे. याउलट 'चांदीचे नॅनो पाणी' म्हणून बाटल्या विकल्या जातात, रोज दोन चमचे घ्या, प्रतिकारशक्ती वाढते म्हणून. चांदी शरीरात साठते आणि कातडी निळसर-राखाडी पडते, ती पुन्हा उजळत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९९ सालीच अशा विक्रीयोग्य चांदीच्या पाण्याला सुरक्षित वा गुणकारी मानता येत नाही, असे जाहीर केले आहे. गुरुजींचा गुडघ्याचा पट्टाही याच मांडवातला. पट्ट्याने ऊब मिळते, ती जुन्या धोतराच्या फडक्यानेही मिळते.

भस्मांविषयीही लोक विचारतात. आपल्या पूर्वजांना नॅनो ठाऊक होते का? सुवर्णभस्मात नॅनो आकाराचे कण सापडतात हे सूक्ष्मदर्शकाने दिसले आहे, आणि त्या काळच्या वैद्यांच्या चिकाटीचे कौतुक वाटते. पण कण लहान आहे म्हणून तो हितकारक ठरत नाही. २००४ साली अमेरिकेतील बॉस्टन भागात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडले होते. पावतीशिवाय, नावाशिवाय पुडीत मिळणारे भस्म घेऊ नये.

आणि ज्या नॅनोकणांनी आपल्याकडे खरोखर माणसे आजारी पडतात, ते कोणत्याही प्रयोगशाळेत तयार होत नाहीत. ते चुलीच्या धुरात आहेत, डिझेलच्या धुरात आहेत, वेल्डिंगच्या ठिणग्यांबरोबर उठणाऱ्या धुरात आहेत आणि बिडीत आहेत. शेजारचे जालना हे लोखंडी सळ्यांचे गाव. केंद्राच्या शुद्ध हवा कार्यक्रमात, हवेची पातळी मानकांत न बसणाऱ्या शहरांच्या यादीत त्याचे नाव आहे. बदनापूरहून रोज तिकडे कामाला जाणाऱ्यांपैकी कोणी भट्टीपाशी उभा असेल, तर त्याच्यासाठी हा लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. बिडीचा झुरका घेत नॅनो युरियाची बाधा विचारणाऱ्याला मी आधी बिडी विझवायला सांगतो.

बाटलीचा हिशेब

आता त्या बाटलीकडे येऊ. इफ्कोच्या नॅनो युरियाला खत नियंत्रण आदेशाखाली फेब्रुवारी २०२१ मध्ये मान्यता मिळाली. गुजरातेतील कलोल येथील कारखान्याचे उद्घाटन २८ मे २०२२ रोजी झाले. अर्ध्या लिटरची बाटली युरियाच्या ४५ किलोच्या एका गोणीचे काम करते, असा दावा होता. ११ हजार शेतांवर चाचण्या घेतल्या आणि उत्पन्न सरासरी ८ टक्के वाढले, असे इफ्कोने सांगितले.

हिशेब डॉक्टरला जमतो तेवढा करू. गोणीत नत्र ४६ टक्के, म्हणजे २० किलोहून थोडे जास्त. त्या पहिल्या बाटलीत नत्र ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. हजारपट फरक. पानावर फवारल्याने नत्र वाया कमी जाते हे खरे असले, तरी हजारपट तूट नुसत्या कण लहान असण्याने कशी भरून निघेल, हा प्रश्न कोपनहेगन विद्यापीठाच्या दोन शास्त्रज्ञांनी २०२३ साली 'प्लँट अँड सॉइल' या नियतकालिकात विचारला. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे शेतात प्रयोग केला. त्यात निम्मे नत्र कमी करून त्याजागी नॅनो युरिया फवारला, तेव्हा गव्हाचे उत्पन्न २१.६ टक्क्यांनी आणि भाताचे १३ टक्क्यांनी घटले, आणि धान्यातले प्रथिनही कमी झाले. हा शेवटचा मुद्दा मला डॉक्टर म्हणून टोचतो. भाकरी-पोळीवर पोट असणाऱ्या घरात धान्यातले प्रथिन उतरणे ही आरोग्याची गोष्ट आहे. २०२४ मध्ये जास्त नत्राची नवी बाटली आली, पण गोणीशी तिचाही मेळ बसत नाही. कोणत्या पिकाला किती फवारायचे हे मी सांगणार नाही. त्यासाठी आपल्या गावातच कृषी संशोधन केंद्र आहे, बीडीएन-७११ सारखे तुरीचे वाण देणारे. तूर तर मुळांवरच्या गाठींतून हवेतले नत्र स्वतःच मिळवते. गोणीबरोबर बाटली घ्याच म्हणून कोणी गळ घालत असेल तर तिथे जाऊन विचारून यावे.

मग ही बाटली अंगाला बाधते का? युरिया हा पदार्थ आपल्या शरीरातही रोज तयार होतो आणि लघवीवाटे जातो. तो पाण्यात विरघळणारा आहे. त्यामुळे कार्बनच्या नळीसारखा तो फुप्फुसात रुतून बसेल असे मानण्याचे कारण नाही. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने नॅनो औषधांच्या तपासणीसाठी २०१९ मध्ये आणि शेती व अन्नातील नॅनो पदार्थांसाठी २०२० मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. त्यांचे सार असे की 'नॅनो' म्हणून सरसकट पास नाही आणि सरसकट नापासही नाही, प्रत्येक पदार्थ स्वतंत्र तपासायचा. वर्षानुवर्षे रोज फवारा श्वासात घेणाऱ्या मजुराचा अभ्यास व्हायला हवा, हे माझे मत आहे.

खरा धोका पंपात दुसरे काय घातले आहे त्याचा. एकदा फवारायचे तर कीटकनाशकही त्यातच मिसळून घेऊ, असा हिशेब शेतकरी करतात, आणि मजुरी वाचते म्हणून तो समजण्यासारखा आहे. पण मग फवारणाऱ्याच्या नाकासमोर युरिया राहत नाही, विष राहते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात पोहोचले. उंच वाढलेली कपाशी, दमट हवा, उघडे अंग आणि एकात एक मिसळलेली औषधे. आपल्याकडची कपाशी काही वेगळी नाही.

तोंडाला बांधलेला रुमाल या थेंबांना अडवत नाही, उलट भिजला की विष नाकाशी धरून ठेवतो. करोनात वापरलेला एन-९५ मास्क धुळीचे आणि धुराचे अतिसूक्ष्म कणही बरेच पकडतो, कारण तो नुसता चाळणीसारखा काम करत नाही, त्याच्या तंतूंवरील विद्युतभार कण ओढून घेतो. भट्टीवर, गिरणीत, मळणीवर तो वापरावा. पण कीटकनाशकाची वाफ त्यातून जाते, आणि मास्क ओला झाला की निकामी होतो. फवारणीसाठी कोळशाची डबी बसवलेला मास्क मिळतो. चार घरांनी मिळून एक घेतला तरी चालेल, डबी मात्र वेळेवर बदलावी. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, बूट. वाऱ्याकडे पाठ. गळका पंप पाठीवर घ्यायचा नाही, कारण पाठीवरून झिरपलेले औषध कातडीतून रक्तात जाते. मध्येच तंबाखू मळायची नाही. काम झाल्यावर साबणाने अंघोळ, आणि ते कपडे घरातल्या धुण्यात मिसळायचे नाहीत.

फवारणीनंतर डोके गरगरू लागले, दरदरून घाम सुटला, तोंडाला लाळ सुटली, मळमळ, जुलाब, डोळ्यांपुढे अंधुक, बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक झाली, छातीत घरघर वाजू लागली, यांपैकी काहीही झाले तर लिंबू-सरबत, ताक, उलटीसाठी मिठाचे पाणी यांत वेळ घालवू नये. कपडे उतरवून अंग धुवावे आणि रुग्णाला कुशीवर निजवून सरळ रुग्णालयात न्यावे. पंपात जेवढ्या बाटल्या ओतल्या असतील तेवढ्या सगळ्या, चिठ्ठीसकट, पिशवीत घालून बरोबर आणाव्यात, रिकाम्या असल्या तरी. कोणत्या विषावर कोणता उतारा द्यायचा हे आम्हाला त्या चिठ्ठीवरून कळते, आणि तिथे वाचलेली दहा मिनिटेही उपयोगी पडतात.